शिष्यवृत्तीचा अर्ज : एका करारनाम्याचा अभ्यास



आपल्या प्रदेशात जिला छात्रवृत्ती म्हणतात, तीच मराठीत शिष्यवृत्ती. पदवीनंतर पुढे शिकायचे, खर्च शासनाने किंवा संस्थेने करायचा आणि शिक्षण संपल्यावर लोकसेवा करायची, अशा शिष्यवृत्त्यांविषयी पालक आम्हांला नेहमी विचारतात. पहिला प्रश्न असतो, टक्के किती लागतात? अर्जात काय लिहावे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. म्हणून या अंकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिष्यवृत्तीचा अभ्यास करू. त्यांचा जन्म आपल्याच मध्यप्रदेशात, महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी झाला.

१. शिफारस. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांच्या नजरेत भरला. पुढे कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपेना, तेव्हा केळूसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. बोध असा की शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या ओळखीच्या माणसाचे आणू नका. ज्याने तुमचा अभ्यास स्वतः पाहिला आहे, त्याचेच घ्या.

२. विषय. बी.ए. झाल्यावर १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंड. अर्थशास्त्र हा मुख्य विषय, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र. १९१५ साली ते एम.ए. झाले. देशाच्या प्रश्नांशी विषयाचा संबंध होता. ‘मला पुढे शिकायचे आहे’ एवढे अर्जात लिहून भागत नाही. काय शिकणार आणि त्याचा लोकांना काय उपयोग, हे चार ओळींत सांगता आले पाहिजे.

३. करार. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारनाम्यावर सही केली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची, ही अट होती. आजही मध्यप्रदेशासह अनेक राज्यांत डॉक्टर होणाऱ्यांना ग्रामीण सेवेचे बंधपत्र द्यावे लागते. पालक बंधपत्राला घाबरतात, किंवा न वाचताच सही करतात. दोन्ही चुकीचे. घरी सर्वांनी मिळून अटी वाचाव्यात, मगच सही करावी.

पण करार दोन्ही बाजूंचा असतो. १९१७ साली आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास गेले. अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईला परतावे लागले. पैसा मिळाला होता, पदवी होती, सेवेची तयारीही होती. समाजाने उभे राहायला जागा दिली नाही. आमच्या विश्वस्तांनी व मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात घ्यावे. मदतीचा धनादेश दिला म्हणजे काम संपत नाही. शिकून परत आलेल्या मुलाला किंवा मुलीला काम करता येईल अशी जागा देणे, हाही शिष्यवृत्तीचाच भाग आहे.

तरीही कृतज्ञता राहिली. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. लोकसेवाही घडली. १९४७ साली ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

कागदपत्रांविषयी एक सूचना. मूल निवासी, उत्पन्नाचे व जातीचे प्रमाणपत्र लोक सेवा केंद्रातून आधीच काढून ठेवावे. आपल्याकडे मुलाच्या नावामागे वडिलांचे नाव लावतात. ते अंकसूचीवर असते आणि आधार कार्डावर नसते, म्हणून अर्ज अडकतात. सर्व कागदांवर नाव एकसारखे करून घ्या.

स्वाध्याय
१. तुम्हांला शिफारसपत्र कोण देऊ शकेल? त्यांनी तुमचे कोणते काम पाहिले आहे?
२. ‘मी काय शिकेन आणि कोणासाठी?’ यावर दहा ओळी लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.
३. पालकांसोबत एखाद्या शिष्यवृत्तीच्या अटी वाचा व न समजलेले शब्द वहीत लिहून आणा.