एक सर्व्हर, तीन गिऱ्हाइकं: खर्च किती, कटकट किती

चकलांब्यासारख्या गावात बसून तुम्ही तिघांचं सॉफ्टवेअर सांभाळता: दूध संकलन, कृषी सेवा केंद्राचं बिलिंग, शिकवणीची फी. प्रोग्रॅम एकच, नोंदी वेगळ्या. तीन सर्व्हर घेऊ नका. इतक्या हलक्या कामाला दोन जीबी रॅमचा एक पुरतो.

दुकानातला जुना पीसीच लावायचा विचार असेल तर आधी वीज मोजा. शंभर वॉटचं यंत्र चोवीस तास चाललं की महिन्याला 72 युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा, त्यात इन्व्हर्टरची बॅटरी धरा. लाइट जास्त वेळ गेली की तिघंही एकदम बंद.

भाड्याचा घ्यायचा तर डिजिटलओशनचा दोन जीबीचा साधा सर्व्हर 12 डॉलर महिना, जागा बंगळुरू निवडा. त्यावर आठवड्याच्या बॅकअपचे 20 टक्के, मग 18 टक्के जीएसटी. शिवाय कार्डाचं परकीय चलन शुल्क, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के, आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. डॉलर 90 रुपयांचा धरला तर 1,080 वाटलेले खात्यातून जाताना साधारण 1,590 होतात. तरी बॅकअपमध्ये काटकसर नको. सर्व्हर नुसता बंद केला तरी भाडं चालू राहतं. तो डिलीट केला तरच मीटर थांबतं. ॲमेझॉनकडे गेलात तर पब्लिक आयपी पत्त्याचे ताशी अर्धा सेंट वेगळे, फेब्रुवारी 2024 पासून. देशी कंपनीचं बिल रुपयात येतं, पण पहिल्या वर्षाचा दर आणि नूतनीकरणाचा दर, दोन्ही विचारा.

कागदपत्रं: केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकाची पडताळलेली माहिती पाच वर्षं ठेवावी लागते. ओळखपत्र मागितलं तर बिचकू नका. जीएसटी नंबर असेल तर खातं उघडतानाच टाका. आणि खातं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर. पुतण्या पुण्याला गेला की पासवर्डही जातो.

आता स्टार्टअप स्क्रिप्ट. बसवून देणारा तीन स्क्रिप्टा लिहून तिप्पट मजुरी सांगेल. गरज नाही. डेबियन-उबंटू लिनक्समध्ये 2015 पासून प्रोग्रॅम चालू-बंद करणारं सिस्टिमडी आहे, त्यात टेम्प्लेट युनिट मिळतं: फाइल एकच, नावात @, त्यापुढे गिऱ्हाइकाचं नाव. हिशेब@दूध, हिशेब@कृषी, हिशेब@शिकवणी (प्रत्यक्षात रोमन अक्षरांत). पोर्ट, डेटाबेस, पासवर्ड ज्याच्या त्याच्या सेटिंग फाइलीत. चौथं गिऱ्हाईक आलं की एक सेटिंग फाइल आणि एक कमांड. त्याची पूर्ण मजुरी देऊ नका.

'स्टार्ट' म्हणजे आत्ता चालू. रीबूटनंतर आपोआप उठायला 'इनेबल' लागतं, तेही प्रत्येकाला वेगळं. हे मी शिकलो ते पहाटे सहाच्या फोनवर: "भाऊ, पावती निघंना." रात्री अपडेटनंतर सर्व्हर रीबूट झाला होता. शिकवणी उठली, कृषी उठलं, दूध तेवढं झोपलेलं, आणि काट्यापाशी कॅन घेऊन माणसं उभी. माझीच चूक, एक शब्द राहिला होता.

दुसरी खोच: प्रोग्रॅम दहा सेकंदांत पाचदा पडला की सिस्टिमडी पुन्हा उठवायचं सोडून देतं. म्हणून 'रीस्टार्ट' लावा आणि 'रीस्टार्टसेक' 10 ठेवा. डेटाबेस आधी उठावा म्हणून 'आफ्टर' लिहितात. पण ते फक्त क्रम लावतं, डेटाबेसला उठवत नाही. सोबत 'वॉन्ट्स' हवं. 'मेमरीमॅक्स' प्रत्येकी 400 एमबीपासून सुरू करून बघा, नाहीतर शिकवणीच्या फी-यादीपायी दुधाची पावती अडायची. युनिट फाइल बदलली की 'डीमन-रीलोड', विसरू नका.

सगळं अर्ध्या दिवसाचं काम. पैसे देण्याआधी तुमच्यासमोर रीबूट करायला लावा, कोणत्याही कमांडला हात न लावता तिन्ही पानं मोबाइलवर उघडून बघा. हे दुपारी दोनला करा. सकाळ-संध्याकाळ दूध असतं.