वर्गसंख्या आणि चौरसाचे क्षेत्रफळ

शालेय गणितात 'वर्ग' हा शब्द आपण प्रथम एका क्रियेचे नाव म्हणून शिकतो. संख्येला त्याच संख्येने गुणले की तिचा वर्ग मिळतो. पुढे चौरसाच्या क्षेत्रफळाचे सूत्र येते, 'बाजूचा वर्ग', आणि बहुतेक विद्यार्थी ते पाठ करून पुढे जातात. एकाच शब्दाने संख्या आणि आकृती का जोडली गेली, हा प्रश्न मात्र मागे राहतो. स्मरणिकेच्या या पानांत त्याच प्रश्नाचा विचार आम्ही करीत आहोत.

हे नाते जुने आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटांनी 'आर्यभटीय' ग्रंथात समान बाजूंची चौकोनी आकृती, तिचे क्षेत्रफळ आणि दोन समान संख्यांचा गुणाकार या तिन्हींना 'वर्ग' हेच नाव दिले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही वर्ग करण्याच्या रीती आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात, त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे.

फरशीवरचा वर्ग

पाच फूट बाजूच्या चौरस जागेत एक फूट बाजूच्या फरश्या बसवू. एका ओळीत पाच, अशा पाच ओळी, म्हणजे २५ फरश्या. ५ चा वर्ग २५ म्हणजे याच फरश्यांची मोजदाद होय. बाजू अडीच फूट असेल तर? पूर्ण फरश्या चार बसतील. दोन कडांना मिळून चार अर्ध्या लागतील, म्हणजे दोन पूर्ण. आणि कोपऱ्यात एक पाव. एकूण सव्वासहा. अडीचला अडीचने गुणले तरी सव्वासहाच येतात. सूत्र अपूर्णांकांनाही का लागू पडते, ते येथे डोळ्यांना दिसते.

परिपाठाच्या रांगांतही वर्ग दडलेला असतो. १२ रांगांत प्रत्येकी १२ मुले उभी असली तर ती १४४ होतात. चौरस मोडू न देता तो एका रांगेने वाढवायचा तर एका बाजूला १२, दुसऱ्या बाजूला १२ आणि कोपऱ्यात १, अशी २५ मुले लागतील; १४४ आणि २५ मिळून १६९, म्हणजे १३ चा वर्ग. एका मुलापासून आरंभ केला तर ३, ५, ७ अशी भर पडत जाते. म्हणूनच १ पासूनच्या क्रमवार विषम संख्यांची बेरीज नेहमी वर्गसंख्या असते.

बाजू दुप्पट, क्षेत्र चौपट

सर्वाधिक गफलत येथे होते. २० फूट बाजूच्या चौरस भूखंडाचे क्षेत्र ४०० चौरस फूट. ४० फूट बाजूच्या भूखंडाचे १६०० चौरस फूट. बाजू दुप्पट झाली, जमीन चौपट झाली. सातबाऱ्यावरील 'आर' म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस आणि हेक्टर म्हणजे १०० मीटर बाजूचा. बाजू दहापट, म्हणून हेक्टरात आर शंभर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एकर होतो.

आपल्या नागपुरी संत्र्याच्या बागेतही हाच हिशेब चालतो. झाडे ६ मीटर बाय ६ मीटर अंतरावर लावली तर एका झाडाला ३६ चौरस मीटर जागा मिळते आणि हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. अंतर निम्मे केले तर झाडे दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. प्रत्येकाच्या वाट्याला ९ चौरस मीटरच उरतात.

ज्या घरांत जमिनीचा कागद पहिल्यांदाच आपल्या पिढीच्या हाती आला, त्या घरांत हे गणित परीक्षेपुरते राहू नये. खरेदीखतावरील आकडा दुसऱ्याने वाचून दाखवावा आणि आपण मान डोलवावी, ही अवस्था शिक्षणाने संपवायची आहे.

दुप्पट चौरस कसा काढावा?

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस हाच प्रश्न एका निरक्षर गुलाम मुलाला विचारतो. दोन फूट बाजूच्या चौरसाचे क्षेत्र चार. आठ क्षेत्राच्या चौरसाची बाजू किती? मुलगा प्रथम चार म्हणतो, पण क्षेत्र सोळा येते. मग तीन म्हणतो, तर नऊ येते. शेवटी आकृतीवरून त्याला उमगते की मूळ चौरसाचा कर्ण हीच नव्या चौरसाची बाजू. कारण कर्णामुळे मूळ चौरसाचे दोन त्रिकोण होतात आणि कर्णावरच्या चौरसात तसे चार मावतात. ज्याला शाळेचे दार कधी उघडले नव्हते, त्यालाही भूमितीचे हे सत्य पाहता आले, हे आम्हांला विशेष मोलाचे वाटते.

केवळ ऐकले किंवा ग्रंथात आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नये, हा तथागतांचा कालामांना उपदेश. तो गणितालाही लागू आहे. पालकांनी मुलांसोबत एक चौरस कागद घ्यावा आणि त्याचे चारही कोपरे मध्यबिंदूपाशी दुमडावेत. जो लहान चौरस उरेल त्यावर कागदाचे सर्वत्र दोन थर असतील. म्हणजे त्याचे क्षेत्र मूळच्या निम्मे. मग त्याची बाजू मोजून मूळ बाजूशी ताडून पाहावी. ती निम्मी का नाही, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.