अश्वगंधेच्या मुळातील प्रथिन आणि नागाचे विष

पावसाळा लागला की वस्तीत साप निघतात, आणि त्यांच्यामागोमाग मुळी उगाळून देणारेही. "आता शास्त्रज्ञसुद्धा मानतात" असे ते हल्ली सांगतात. शास्त्रज्ञांनी नेमके काय पाहिले, ते आपण नीट पाहू.

मुळांचे औषध आपल्याला परके नाही. विनयपिटकातील भेसज्जक्खंधकात आजारी भिक्खूंसाठी हळद, आले, वेखंड, वाळा यांना तथागतांची अनुमती आहे. पण एका मुळात असंख्य द्रव्ये असतात. त्यातले काम करणारे कोणते, हे चव घेऊन कळत नाही.

प्रथिन शोधायचे तर मूळ गार ठेवून क्षाराच्या पाण्यात वाटतात. चोथा काढून रसात अमोनियम सल्फेट घातले की प्रथिने साक्यासारखी खाली बसतात. मग ती बारीक दाण्यांनी भरलेल्या उभ्या नळीतून सोडतात. मोठी प्रथिने आधी उतरतात, लहान मागून. प्रत्येक वाटा वेगळा तपासायचा, गुण दिसला तोच पुढे न्यायचा. काम चिकाटीचे आहे.

म्हैसूर विद्यापीठातील संशोधकांनी अश्वगंधेतून असेच एक प्रथिन वेगळे काढले. नागाच्या विषात फॉस्फोलिपेज नावाची विकरे असतात, ती पेशींचे आवरण फोडतात. त्यातले एक विकर या प्रथिनाने परीक्षानळीत निकामी केले. उंदरांवरच्या प्रयोगात मात्र विषबाधा पूर्ण थांबली नाही. मृत्यू लांबला, इतकेच. शिवाय हे विषातले एकच द्रव्य. श्वास बंद पाडणारी दुसरी द्रव्ये नागाच्या विषात असतातच.

आणखी एक गोष्ट. प्रथिन उकळले की बिघडते, अंडे शिजते तसे. गिळले तर पोटात पचते. इन्सुलिन टोचून घ्यावे लागते ते याचमुळे. म्हणजे प्रयोगशाळेतले प्रथिन आणि मुळीचा काढा यांत फार अंतर आहे.

मग मुळीने माणसे वाचलेली दिसतात ती कशी? बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. श्रेय मांत्रिक घेऊन जातो.

साप चावल्यास माणसाला हलू देऊ नका. बांगड्या, अंगठ्या काढा. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस तिथे शिरेतून देतात.