पाणी गुडघ्यावर पडतं, शिरतं भलतीकडे

पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार भरात येतो तो ऐन पावसाळ्यात. शेतरस्त्यांचा चिखल झालेला असतो, काळी माती चाकांना सोडत नाही, आणि तोडलेला माल तर थांबायला तयार नसतो. या भागात जुन्या जीप टिकल्या त्या हौसेपेक्षा या गरजेपोटी. आमच्या घरची जीप ऐंशीच्या दशकातली, महिंद्राची. समोरची काच चौकटीसकट बॉनेटवर आडवी पडते, डोक्यावर कॅनव्हासचं हूड. काकांकडून ती माझ्याकडे आली तेव्हा इंजिन ठणठणीत होतं, पण श्रावणातल्या सरीत गाडी चालवायची तर मांडीवर पोतं घेऊन बसावं लागे. मागच्या मिरचीच्या कट्ट्यांवर पाणी टपकलं की दुसऱ्या दिवशी माल काळा पडायचा, ते वेगळंच.

हे लिहायचं कारण असं की अलीकडे आमच्याकडच्या बऱ्याच पोरांनी जुन्या जीप घेतल्या आहेत, आणि पहिला पाऊस झाला की प्रत्येक जण हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणतो. आमच्या जीपवरही माझ्या आधी कुणीतरी ती प्रेमानं रिकामी केली होती. काचेच्या रबराभोवती, चौकटीच्या बुडाशी, वायपरच्या दांड्यापाशी, जिथं फट दिसेल तिथं. गळती थांबली नव्हतीच. काच उतरवली तेव्हा चौकटीची खालची पट्टी नखानं टोकरली तरी निघत होती.

ही चौकट वरून भरीव दिसते, पण ती दुमडलेल्या पत्र्याची, आतून पोकळ. वरच्या कोपऱ्यात रबर आखडून फट पडते, पाणी पोकळीत उतरतं आणि बुडाशी साचतं. एरवी ते खालच्या फटींतून हळूहळू निघून गेलं असतं. खालून सिलिकॉन लावलं की त्याची बाहेर पडायची वाट बंद होते आणि पत्रा बारा महिने आतून भिजत राहतो. त्यातही ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं. उघड्या लोखंडावर ते लावणं म्हणजे गंजाला आमंत्रण. शिवाय त्याचा पुसट थर राहिला तरी त्यावर रंग धरत नाही. पेंटर वैतागतो आणि पैसे वाढवून मागतो.

मुळात ही गाडी कोरडी राहावी म्हणून कुणी बनवलीच नव्हती. 1940 साली अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बँटम कंपनीनं पहिला नमुना दिला, पुढं विलीज आणि फोर्डनं युद्धकाळात सहा लाखांवर गाड्या काढल्या. काच आडवी पडते ती गाडी बुटकी दिसावी, लपावी म्हणून. युद्धातल्या त्या जीपच्या तळाला तर पाणी सोडून द्यायचं भोक आणि त्याला बूच होतं. म्हणजे पाणी आत येणार हे बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं विलीजच्या जीप इथं जोडायला घेतल्या आणि तोच सांगाडा थोड्याफार फरकानं आपल्या गावागावांत आला. त्यामुळं बंद मोटारीसारखा कोरडेपणा तिच्याकडून मागू नका. चार थेंब येतील. वायरिंगवर आणि मालावर धार पडू नये, एवढं जमलं तरी पुष्कळ. (छत निघणारी बंद मोटारही काही सुखी नसते. मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डचं छत बोल्टांनी बसवलेलं असे. ते बोल्ट ढिले झाले आणि मधलं रबर वाळलं की तिचीही हीच तक्रार.)

आता गळती शोधायची कशी ते. यातच सगळा वेळ घालवा, कारण दुरुस्ती त्यामानानं सोपी आहे. पाणी जिथं टपकतं तिथून ते शिरलेलं नसतं. हूडच्या पुढच्या कडेतून आलेला थेंब चौकटीच्या आतल्या बाजूनं घरंगळत खाली येतो, डॅशबोर्डच्या कडेला अडतो आणि ड्रायव्हरच्या गुडघ्यावर पडतो. गुडघ्याच्या वर बघितलं तर दिसतं काचेच्या बुडाचं रबर, म्हणून सगळे ते बदलतात. नवं रबर, नवा खर्च, गुडघा पुन्हा ओला.

गाडी आधी पूर्ण कोरडी करा. मॅट काढा, त्याखालचं कापड किंवा फोम काढून उन्हात टाका. ते ओलं असलं तर काहीच कळत नाही. मग एकानं बॅटरी घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून साध्या नळीनं, तोटी बारीक ठेवून पाणी सोडायचं. सुरुवात अगदी खालून, चौकट आणि बॉडीच्या सांध्यापासून. एका जागी चांगला वेळ पाणी राहू द्या, मगच वर सरका: काचेचं खालचं रबर, बाजू, वरचे कोपरे, आणि सगळ्यात शेवटी हूड. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठलं छिद्र खरं ते सांगता येत नाही. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाखाली तर हा प्रयोग करूच नका. तो फवारा धडधाकट रबराच्या ओठाखालूनही पाणी घुसवतो.

नळीखाली गाडी कोरडी राहिली आणि रस्त्यावर गळली, असंही होतं, आणि इथंच बहुतेक मिस्त्री हात टेकतात. उभ्या गाडीची गळती वेगळी, पळत्या गाडीची वेगळी. गाडी वेगात असते तेव्हा काचेवरचं पाणी खाली न ओघळता वाऱ्यानं वर ढकललं जातं आणि हूडच्या पुढच्या कडेखाली शिरतं. काचेच्या बुडाशीही हवेचा दाब वाढतो, सांध्यात जरा फट असली की तिथून तुषार आत येतात. अशा वेळी शेजारी कुणाला तरी बसवून भर पावसात फेरी मारणं हाच उपाय. आणखी एक गोष्ट. जीपची चेसिस खड्ड्यात पिळते. सपाट अंगणात जो सांधा घट्ट बसतो तोच एक चाक बांधावर चढवलं की उघडतो. नळीची परीक्षा एकदा तशीही घेऊन बघा.

रबर बदलायच्या आधी फुकटातला इलाज करा. चौकट दोन्ही बाजूंना क्लॅम्पनं आवळलेली असते आणि आमच्याकडच्या रस्त्यांवर हे क्लॅम्प ढिले पडतातच. ते आवळून पुन्हा पाणी मारा. मग रबरावर खडू घासा, चौकट लावा, आवळा, उघडा. पत्र्यावर खडूचा ठसा अखंड उमटायला हवा. जिथं तुटला तिथं रबर टेकत नाही. तिथलाच पत्रा वाकलेला असतो, आणि वाकलेल्या पत्र्याला कितीही महाग रबर लावलं तरी उपयोग नाही. तिथं डेंटरचंच काम.

चौकटीखालच्या सांध्याला स्पंजसारखं रबर लागतं, पण ते गादीच्या फोमसारखं पाणी पिणारं नको. दुकानातच एक तुकडा पाण्यात बुडवून, आत असतानाच दाबून सोडा आणि बाहेर काढून पिळा. पाणी निघालं तर परत द्या. ‘जाड घ्या, जास्त पक्कं बसेल’ असं दुकानदार म्हणतो, त्याला भुलू नका. जाड रबरानं क्लॅम्प लागत नाहीत आणि जोर लावला तर चौकट वाकते.

चौकट सडलेली असेल तर काच आणि रबर उतरवून, कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. त्यावर नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारणारे पुष्कळ भेटतील. वेल्डिंगनंतर बाहेरून रेड ऑक्साइड आणि पोकळीत गंजरोधक मेण किंवा निदान घट्ट तेल. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळाशी दोन-तीन बारीक भोकं, आणि ती सांध्याच्या रबराच्या बाहेरच्या बाजूला. वेल्डर हसतो. ‘भाऊ, गळती बंद करायला आले का नवी पाडायला?’ असं मला एकानं विचारलं होतं. आत गेलेल्या पाण्याला बाहेर काढणारं भोक म्हणजे गळती नव्हे, हे त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण त्यानं पाडून दिली.

काचेचं रबर मीटरवर मिळालं तर मापापेक्षा किंचित लांब कापा, म्हणजे दाबून बसेल आणि पुढं आखडलं तरी जोड उघडणार नाही. जोड कोपऱ्यात कधीच नको. बसवताना ग्रीस किंवा डिझेल लावायची सवय अनेक मिस्त्र्यांना आहे; त्यानं रबर फुगतं, मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरे. रबराच्या खाचेत सुतळी घालून, बाहेरून एकानं काच दाबायची आणि आतून दुसऱ्यानं सुतळी ओढत रबराचा ओठ पत्र्यावर चढवायचा, ही जुनी रीत अजूनही सर्वांत चांगली. एवढं करून बारीक फट राहिलीच तर न सुकणारं, मऊ राहणारं ब्यूटाइल वापरा. पुढं काच काढायची वेळ आली तर ते निघतं तरी.

काचेबद्दल एक इशारा. जीपची काच सपाट असते, त्यामुळं फोटोफ्रेमवाल्याकडून साधी काच कापून बसवण्याचा मोह होतो. ती फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे थेट तोंडावर येतात. समोरची काच लॅमिनेटेडच हवी, दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली. कायद्यालाही साधी काच चालत नाही. कोपऱ्यातला शिक्का बघून घ्या. तुमच्या लॅमिनेटेड काचेची कड दुधाळ दिसत असेल, तर रबरात पाणी साचून पापुद्रा सुटत चालला आहे असं समजा.

हूडचं म्हणाल तर सुती कॅनव्हास आणि प्लॅस्टिकची ताडपत्री यांचे स्वभाव वेगळे. पूर्वी जीपच्या पुढं पाण्याची छागळ टांगलेली असायची. सुती कापडाची असून ती पाणी धरायची, कारण भिजलं की धागे फुगून एकमेकांना चिकटतात. चांगलं सुती हूड तसंच चालतं. म्हणून नवं हूड पहिल्या पावसात शिवणीतून झिरपलं तर घाबरू नका. एक-दोनदा भिजून वाळलं की सुईची भोकं आवळतात. मात्र शिवण सुती दोऱ्याची हवी, नायलॉनचा दोरा फुगत नाही. ताडपत्रीचं कापड स्वतः पाणी सोडत नाही, पण तिच्या सुईच्या भोकांना आपोआप मिटणं माहीत नाही. तिची शिवण वरून सील करावीच लागते. शिवाय रात्रीच्या थंडीत ताडपत्री आतून घामेजते. तो घाम गळती समजून भोकं शोधत बसू नका.

हूड शिवणाऱ्या कुशनवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगा. आडव्या शिवणीत पुढचं कापड वर आणि मागचं त्याखाली, म्हणजे वाऱ्यानं मागं सरकणारं पाणी शिवणीत घुसत नाही. आणि कमानीचा पाईप जिथं कापडाला घासतो तिथं आतून जादा पट्टी. दोन कमानींच्या मध्ये झोळ पडून तळं साचत असेल तर पट्टे ओढून ताण द्या. कापड कितीही चांगलं असलं तरी साचलेलं पाणी शेवटी उतरतंच. भिजलेल्या कॅनव्हासला आतून डोकं किंवा सामान टेकवू नका, टेकलेल्या जागेतून पाझर सुरू होतो.

सुती हूड कपड्यांच्या पावडरीनं धुऊ नका, त्यावरचा मेणाचा थर जातो. साध्या पाण्यानं आणि ब्रशनं घासा, वाळवा, मग मेणाची वडी घासून उन्हात सोडा. आपल्याकडच्या मे महिन्यात मेण जिरायला वेगळी आच लागत नाही. हस्ताचा पाऊस संपला की हूड उतरवायचं असेल तर पूर्ण वाळल्यावरच उतरवा, ओल्या घडीत बुरशी धरते. बाजूच्या पडद्यांतल्या प्लॅस्टिकच्या खिडक्यांची तर घडीच घालू नका. जुन्या चादरीत गुंडाळून उभ्या ठेवा, नाहीतर थंडीत घडीवरच तडकतात.