कुत्र्यांचे मापाचे कपडे : एका लहान उद्योगाविषयी अनुभवाचे बोल

कुत्र्याच्या अंगाचे माप घेऊन त्या एकाच कुत्र्यासाठी बेतलेला आणि हाताने शिवलेला कपडा हा बाजारातल्या तयार मालापेक्षा मुळातच निराळा माल आहे. कारण तयार कपडा एका गिऱ्हाइकाला आला नाही तर दुसऱ्याला विकता येतो, मापाचा कपडा मात्र ज्याच्यासाठी शिवला त्यालाच बसला नाही तर त्याचे मोल जवळजवळ संपते. या व्यवसायात जे उतरतात आणि वर्षभरात हात आखडता घेतात, त्यांचा तोटा बहुधा कापडाच्या भावामुळे किंवा गिऱ्हाइकांच्या अभावामुळे होत नाही, तर माप घेणे, फर्मा, म्हणजे कापड बेतण्यासाठीचा कागदी नमुना, काढणे आणि बिघडलेला कपडा पुन्हा दुरुस्त करणे या तीन कामांची किंमत कोठेच धरली न गेल्यामुळे होतो. पुढील विवेचन मुख्यतः या एका मुद्द्याभोवती आहे.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पिंपळीसारख्या गावात अशा उद्योगाचा विचार व्हावा, याला आधार आहे. बारामतीच्या औद्योगिक परिसरात केंद्र सरकारच्या एकात्मिक वस्त्रोद्यान योजनेतून उभे राहिलेले हायटेक टेक्सटाइल पार्क आहे, तेथे मोठ्या संख्येने स्त्रिया शिलाईचे काम करतात, आणि आसपासच्या गावांत ब्लाऊज शिवणे व पिको-फॉल करणे हा अनेक घरांचा जोडधंदा आहे. तथापि कारखान्यातील शिलाईचा अनुभव आणि मापाच्या कपड्याचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे; कारखान्यात काम साखळीपद्धतीने चालते, म्हणजे एक कामगार दिवसभर केवळ बाही जोडतो, दुसरा केवळ काठ दुमडतो, आणि म्हणून तेथे दीर्घकाळ काम केलेल्या व्यक्तीलाही अख्खा कपडा बेतण्याचा सराव असतोच असे नाही. याउलट गावात ब्लाऊज शिवणारी स्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाचे माप स्वतः घेते, मुंढा, म्हणजे बाहीच्या जोडाचा गोलाकार भाग, अंगाप्रमाणे उतरवते आणि शिलाईत माया, म्हणजे पुढे कपडा सैल करता यावा म्हणून आत दुमडून ठेवलेले जादा कापड, राखते. कुत्र्याच्या कपड्याला हेच कौशल्य लागते, आणि ते तिच्याकडे अगोदरच असते.

बाजारपेठेविषयी मात्र स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्र्याला मान देणाऱ्या या प्रदेशात कुत्र्याविषयी ममत्व पुष्कळ आहे, परंतु वस्तीवरचा, गोठ्याजवळचा किंवा मेंढरांमागचा राखणीचा कुत्रा कपडे घालत नाही आणि त्याला त्यांची गरजही क्वचितच असते. खरेदीदार बारामती शहरात थोडे आणि सुमारे शंभर किलोमीटरवरील पुण्यात अधिक आढळतात. म्हणजेच बहुतेक कुत्री शिवणाऱ्याच्या दृष्टीसही पडत नाहीत, माप दुसऱ्याने घेतलेले असते आणि कपडा टपालाने किंवा कुरिअरने जातो. धोक्याचे मूळ येथे आहे.

मागणीचेही प्रकार ओळखावे लागतात. वाढदिवस, लग्नसमारंभ आणि दिवाळीसाठी शिवले जाणारे शेरवानी, जाकीट, गळ्यातील रुमाल यांसारखे हौशीचे कपडे छायाचित्रांत उठून दिसतात म्हणून नवा कारागीर प्रथम त्यांच्याकडेच वळतो. पण ही मागणी ठरावीक दिवसांत एकदम येते, ती तारखेला बांधलेली असते, आणि कपडा एक दिवस उशिरा पोहोचला तरी त्याचा उपयोग संपतो. गरजेचे कपडे कमी आकर्षक असले तरी उद्योगाला तेच तारतात. त्यांत शस्त्रक्रियेनंतरचा अंगरखा सर्वांत महत्त्वाचा होय. नसबंदी किंवा पोटाच्या अन्य शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याने टाके चाटू नयेत म्हणून त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचे नरसाळ्यासारखे कडे घालतात. अनेक कुत्र्यांना ते सहन होत नाही, आणि अशा वेळी पोट झाकणारा मऊ सुती होजिअरीचा अंगरखा पशुवैद्यकाच्या संमतीने वापरता येतो. टाके साधारणपणे १० ते १४ दिवसांनी काढले जात असल्याने आणि कपडा रोज धुवावा लागत असल्याने एका कुत्र्यासाठी दोन नग लागतात, आणि ही मागणी वर्षभर राहते. बारामती परिसर पर्जन्यछायेचा असल्याने स्थानिक रेनकोटची मागणी मर्यादित आहे. रात्री रस्त्याकडेला फिरणाऱ्या कुत्र्यांसाठी प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्टीचे जाकीट मात्र येथे उपयोगी पडते, कारण गाळप हंगामात साखर कारखान्यांकडे जाणारी उसाची वाहने रात्रभर धावत असतात.

कुत्र्याच्या शरीराविषयी पुरेशी माहिती नसताना कपडे शिवणे हे केवळ तोट्याचे नव्हे, अपायाचेही आहे. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारणतः ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, म्हणजे माणसापेक्षा अधिक असते. त्याला अंगभर घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांत असतात, आणि शरीराची उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपर्यंत चढतो तेथे एप्रिल-मे महिन्यांत जाड अस्तराचा कपडा विकणे हे गिऱ्हाइकाने मागितले तरी टाळले पाहिजे. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत श्वासमार्ग आखूड व अरुंद असल्याने त्यांना उष्माघाताचा धोका विशेष असतो, तर जर्मन शेफर्ड किंवा पॉमेरेनियन यांच्या दाट दुहेरी केसांवर उबदार कपड्याची सहसा गरजच नसते. थंडीसाठी कपडा खरोखर लागतो तो आखूड केसांच्या, अंगावर चरबी कमी असलेल्या कुत्र्यांना, लहान पिल्लांना आणि वृद्ध किंवा आजारी जनावरांना.

पश्चिम महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात पाळला जाणारा कारवानी कुत्रा, ज्याला बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ गावावरून मुधोळ हाउंड असेही म्हणतात, हे अशा कुत्र्यांचे उत्तम उदाहरण आहे. भारतीय डाक विभागाने २००५ साली देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांत त्याचा समावेश होता. त्याची छाती खोल, कंबर अतिशय बारीक, मान लांब आणि कातडी पातळ असते. त्यामुळे छातीच्या मापाने घेतलेले तयार जाकीट कंबरेशी लोंबते आणि कंबरेच्या मापाने घेतलेले छातीवर चढत नाही. तयार मालात ज्याची सोय होत नाही असे हे अंग आहे, आणि मापाच्या शिलाईला येथेच खरा अर्थ प्राप्त होतो. डॅशहुंडची लांब पाठ आणि आखूड पाय, तसेच तीन पायांवर चालणारी अपघातग्रस्त कुत्री यांच्या बाबतीतही असेच म्हणता येते.

पोळ्याला बैलाच्या पाठीवर घातलेली झूल सैल पडली तरी चालते, कारण ती वरून अंथरलेली असते आणि बैल त्या दिवशी मिरवतो. कुत्रा मात्र कपड्यासकट पळतो, लोळतो, अंग झटकतो आणि कपडा दातांनी ओढतो. म्हणून मापांची संख्या वाढते. गळ्याचा घेर पट्टा बसतो तेथे, छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे सर्वांत रुंद जागी, पाठीची लांबी मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत, कंबरेचा घेर, छातीखालून पोटापर्यंतची लांबी आणि पुढच्या दोन पायांमधील अंतर ही मापे किमान घ्यावीत. कुत्रा चारही पायांवर सरळ उभा असताना, डोके नेहमीच्या स्थितीत ठेवून आणि शिवणकामाच्या मऊ टेपनेच ती घ्यावीत. बसलेल्या कुत्र्याची पाठ वाकते आणि लांबीत फरक पडतो, तर लांब केसांच्या कुत्र्याला टेप केसांवरून लावली की घेर खोटा येतो. अंगाच्या मापावर दोन बोटे सहज जातील इतके लूजिंग, म्हणजे हालचालीसाठीची जादा जागा, द्यावे. नर कुत्र्यासाठी पोटाखालचा भाग आखूड कापावा, नाहीतर कपडा लघवीने भिजतो, आणि ओल्या कपड्याने त्वचेला जखम होते. मुंढा घट्ट असेल तर काखेत केस झडून चट्टा पडतो. ही तक्रार सर्वांत अधिक येते आणि तिचे कारण जवळजवळ नेहमी पुढच्या पायांमधील अंतर न मोजणे हेच असते.

गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलेल्या मापावर थेट कात्री चालवू नये, हा या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचा इशारा आहे. टेप अंगाला लावलेली असतानाची छायाचित्रे मागवावीत, कुत्र्याची जात, वय व वजन विचारावे, आणि आकडे परस्परांशी जुळत नसतील तर माप पुन्हा घ्यावयास लावावे. वाढत्या वयाच्या पिल्लांसाठी अंगावर घट्ट बसणारा महागडा कपडा शिवूच नये. लहान जातींची कुत्री साधारण वर्षभरात, तर मोठ्या जातींची दीड-दोन वर्षांत पूर्ण वाढतात, आणि तोवर बंदांनी सैल-घट्ट करता येणारा साधा नमुनाच पुरतो. प्रत्येक कुत्र्याचा कागदी फर्मा नाव व तारीख घालून जपून ठेवावा, कारण त्याच कुत्र्याचा दुसरा कपडा शिवताना खरी बचत तेथेच होते.

साहित्याची निवड थोडक्यात सांगता येईल. होजिअरी व सुती कापड बेतण्यापूर्वी धुऊन घ्यावे, म्हणजे पुढे ते आटत नाही. बटणे, मणी, टिकल्या आणि सैल घुंगरे लावू नयेत, कारण कुत्रा ती चावून गिळतो आणि ती आतड्यात अडकल्यास शस्त्रक्रियेची वेळ येते. वेल्क्रोची खरखरीत बाजू केसांत गुंतू नये अशा बेताने बाहेरच्या अंगाला ठेवावी, आणि गळ्याला न सुटणारी गाठ किंवा नाडी असू नये. येथील मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी अंथरुणासाठी उत्तम असली तरी तिचा धागा खरखरीत असल्याने पातळ कातडीच्या कुत्र्याला ती थेट अंगाशी टोचते. सुती अस्तराशिवाय तिचा कपडा करू नये.

आता किमतीचा प्रश्न. समजा, एका लॅब्राडोर कुत्र्यासाठी फ्लीस कापडाचे अस्तरी जाकीट शिवायचे आहे आणि कापड, अस्तर, वेल्क्रो, धागा व वेष्टन मिळून २८० रुपये लागतात. गिऱ्हाइकाशी बोलणे व माप तपासणे, फर्मा काढणे, बेतणे, शिवणे, काठ व धागे साफ करणे आणि पार्सल बांधणे या कामांना एकत्रित पावणेपाच तास लागले आणि तासाला अवघे ७५ रुपये धरले, तरी मजुरी सुमारे ३५६ रुपये होते. वीज व यंत्राची झीज ३० रुपये, दुरुस्तीसाठी दहा टक्के तरतूद आणि त्यावर पंधरा टक्के नफा धरल्यास विक्रीची किंमत ८४० रुपयांच्या आसपास येते. तेच जाकीट बाजारातील तयार मालाशी स्पर्धा करण्यासाठी ४५० रुपयांना दिले, तर साहित्य व वीज वजा जाता १४० रुपये उरतात, म्हणजे तासाला ३० रुपयेही पडत नाहीत. हा हिशेब कागदावर मांडला जात नाही, कारण घरात बसून केलेल्या कामाचे तास घरातील स्त्री स्वतःच मोजत नाही आणि कुटुंबही मोजत नाही. ही सवय गृहोद्योगातील अन्यायाचे मूळ आहे आणि ती मोडलीच पाहिजे. तयार मालाशी किमतीची बरोबरी करण्याचा प्रयत्न मापाच्या कारागिराने सोडून द्यावा. ज्याच्या कुत्र्याला तयार कपडा व्यवस्थित बसतो त्याला तो तयार कपडाच घेण्याचा सल्ला देणे हे गिऱ्हाइकाच्या आणि कारागिराच्याही हिताचे आहे.

अटी लेखी असाव्यात. निम्मी रक्कम आगाऊ, कात्री लागल्यानंतर मागणी रद्द नाही, कारागिराच्या चुकीने कपडा बसला नाही तर एक दुरुस्ती विनामूल्य, गिऱ्हाइकाने माप चुकवले असल्यास दुरुस्ती सशुल्क, आणि जाण्या-येण्याचा टपालखर्च कोणाचा, इतके चार ओळींत लिहून मोबाइलवर पाठवले आणि होकार मिळवला की पुढील बहुतेक वाद टळतात. मोठ्या कंपन्यांची बोधचिन्हे किंवा चित्रपटांतील पात्रे कपड्यांवर उतरवून विकण्याची मागणी वारंवार येते. ती नाकारावी, कारण व्यापारचिन्ह व स्वामित्वहक्क यांचे कायदे लहान उद्योगालाही लागू असतात.

नोंदणी व कर यांबाबत एक बारकावा फारसा कोणाला ठाऊक नसतो. मालाच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत, जी वस्तू व सेवा कराच्या बिलांतही वापरली जाते, कुत्र्यांचे कोट हे माणसांच्या कपड्यांच्या प्रकरणांत मोडत नाहीत. खोगीर, साज आणि पट्टे यांच्यासोबत ते ४२०१ या शीर्षकाखाली येतात. तयार कपड्यांचा क्रमांक व दर लावून बिल केल्यास पुढे फरकाची वसुली होऊ शकते, म्हणून प्रचलित दर करसल्लागाराकडून तपासून घ्यावा. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास सर्वसाधारणपणे वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत या कराची नोंदणी बंधनकारक नाही, परंतु परराज्यात माल पाठवणे किंवा ऑनलाइन विक्रीमंचांवरून विकणे यांचे नियम वेगळे आहेत. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे, तेव्हा तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. पात्र कारागिराला तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांचे विनातारण कर्ज पाच टक्के व्याजाने मिळू शकते. तरीही आरंभीच कर्ज काढून ओव्हरलॉक व फ्लॅटलॉक यंत्रे घेणे योग्य नव्हे. घरातील साध्या यंत्रावर पहिल्या हंगामातील मागणी भागते, आणि नंतरची खरेदी आलेल्या कामाच्या प्रमाणात करता येते.

पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर किंवा इंदापूर परिसरातून या उद्योगात उतरू इच्छिणाऱ्यांनी कापड भरण्यापूर्वी जवळच्या पशुवैद्यकाची भेट घ्यावी, त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्यांची मापे त्यांच्या मालकांच्या परवानगीने स्वतःच्या हाताने घ्यावीत, आणि पहिला शस्त्रक्रियेनंतरचा अंगरखा त्याच्याच देखरेखीखाली शिवून पाहावा.