लेखनिक म्हणून नाव दे

चि. मुक्ता,


तुझं पत्र मिळालं. रोज रात्री वहीत कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहितेस आणि तरी मन कोरडंच राहतं, म्हणतेस. ती वही तूर्त मिटून ठेव. परीक्षा तोंडावर आल्या आहेत, तर एखाद्या अंध विद्यार्थिनीची लेखनिक म्हणून नाव दे. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांना विचार, ते वाट दाखवतील.

अंध मुलं ब्रेल वाचतात, हल्ली मोबाइलवर पुस्तकं ऐकून अभ्यास करतात. पण पेपर तपासणाऱ्याला सहसा ब्रेल येत नाही, म्हणून उत्तरं लिहायला दुसऱ्याचा हात लागतो. लेखनिक स्वतः आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी हवं. तू बारावी झालेली, पदवीच्या मुलीला बहुधा चालशील. तरी विद्यापीठाचा नियम विचारून घे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. पोटभर खाऊन जा.

आधी सगळी प्रश्नपत्रिका गुणांसकट वाचून दाखव. मग ती सांगेल तेच लिही, आणि सांगेल तसंच. उत्तर चुकतंय हे कळेल, बरोबर शब्द ओठांवर येईल, तरी गप्प राहायचं. ती विचार करत थांबली तर तिचं वाक्य तू पुरं करायचं नाही. ‘शेवटची ओळ वाच’ असं दहादा म्हणाली तरी दहादा वाच. किती वेळ उरला ते मधूनमधून सांग. अक्षर सुवाच्य काढ. तिची वर्षाची मेहनत तुझ्या अक्षरातूनच तपासणाऱ्यापर्यंत पोचणार आहे. जिन्यावर तिला हाताला धरून ओढू नकोस. आपलं कोपर पुढे कर, ती धरेल.

आणि एक बजावून सांगते. हो म्हटलंस की ऐनवेळी माघार नाही. लेखनिकाने आदल्या रात्री ‘जमणार नाही’ असं कळवलं की ती रात्र अभ्यासाऐवजी फोन फिरवण्यात जाते. नवं माणूस मिळालं तरी त्याची कागदपत्रं आणि परवानगी उरतेच. एखाद्याचा पेपर बुडतो त्यात.

आता तुझ्या मनाचं. तिथून ‘देवाने मला डोळे दिले’ एवढंच घेऊन परत येऊ नकोस. दुसऱ्याच्या उणिवेकडे बघून आलेली कृतज्ञता मला पटत नाही, ती समोरच्या माणसाला लहान करते. तू हे बघ की एक अनोळखी मुलगी आपलं वर्ष तुझ्या हाती सोपवून चार तास निर्धास्तपणे बोलते आहे. इतका विश्वास मिळावा असं आपण तिच्यासाठी काहीच केलेलं नसतं. तो मिळाला की आपल्यासाठी मुकाट्याने झटलेली माणसं आठवायला लागतात. तुझा चुकलेला फॉर्म खिडकी बंद व्हायच्या वेळी पुन्हा भरून घेणारे ऑफिसातले काका, गर्दीच्या एसटीत तुझी बॅग मांडीवर घेऊन बसलेली बाई. त्यांची नावंसुद्धा आपण विचारली नाहीत. वहीत ती आली नाहीत, कारण असं काही करायला काय लागतं हे स्वतः केल्यावाचून लक्षात येत नाही.

तिच्याबरोबर फोटो काढून स्टेटसला ठेवू नकोस. ओळखपत्र आणि एकाच शाईची दोन पेनं जवळ असू देत. पेपर सुटल्यावर ती चहाला चल म्हणाली, तर घाई आहे म्हणू नकोस. जा, आणि पैसे तिला देऊ दे.

तुझी,
आत्या