डच भाषेच्या वाटेने

ओसाका शहरात ओगाता कोआन नावाच्या वैद्याची एक पाठशाळा होती. तेथे डच भाषेचा मोठा शब्दकोश एकच, आणि तोही हाताने उतरून काढलेला. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या शब्दकोशाच्या खोलीतील दिवा विझत नसे. युकिची फुकुझावा (१८३५–१९०१) हा तेथील एक विद्यार्थी. एकदा तो आजारी पडला आणि उशी शोधू लागला, तेव्हा आपण कित्येक महिन्यांत उशी वापरलीच नाही, हे त्याच्या ध्यानात आले. वाचता वाचता मेजावर डोके टेकून तो झोपी जात असे!

डच भाषेचा एवढा ध्यास कशासाठी? दोनशेहून अधिक वर्षे जपानने युरोपीय राष्ट्रांपैकी केवळ डचांनाच व्यापाराची मुभा दिली होती, आणि तीही नागासाकीच्या देजिमा बेटापुरती. त्यामुळे पाश्चात्त्यांचे वैद्यक असो की तोफांचे शास्त्र, जपानी माणसापर्यंत ते डच ग्रंथांतूनच पोचत असे.

इ. स. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परकीयांस खुले झाले. फुकुझावा तेव्हा एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, डच शिकवीत होता. मोठ्या उमेदीने तो पायी योकोहामाला गेला. पण दुकानांवरील पाट्या त्याला वाचता येईनात. बाटल्यांवरील चिठ्ठ्या उमगेनात. त्याचे बोलणे कोणास कळेना. एका जर्मन व्यापाऱ्यास मात्र डच भाषेत लिहून दाखविल्यावर थोडेफार समजले. चोवीस तासांची पायपीट करून तो परतला, तेव्हा पायांहून मनच अधिक थकले होते. उशीचीही आठवण न ठेवता मिळविलेली विद्या वाया गेली होती काय?

त्या पाट्यांची भाषा इंग्रजी असावी, हे त्याने ताडले आणि दुसऱ्याच दिवशी ती शिकण्याचा निश्चय केला. पण शिकविणार कोण? इंग्रजी जाणणाऱ्या एका दुभाष्याच्या घरी त्याने पुष्कळ खेपा घातल्या. परंतु त्या गृहस्थाला राजकाजातून उसंत मिळेना. अखेर इंग्रजी-डच शब्दकोशाचे दोन खंड दृष्टीस पडले. किंमत पाच र्यो! ती त्याच्या सरदाराच्या दप्तराने भरली. बरोबरीने अभ्यास करण्यास त्याने मुराता झोरोकु या मित्राला विचारले. “उपयोगाचे जे असेल, ते डचमध्ये येईलच,” असे मुराताचे मत पडले. हे मत अगदीच वेडगळ नव्हते. परंतु पुढे मुरातालाही इंग्रजीकडे वळावे लागले.

फुकुझावा एकेक इंग्रजी वाक्य घेई, प्रत्येक शब्दाचा डच प्रतिशब्द शोधी आणि वाक्य डचमध्ये उतरवी. असे करता करता त्याला एक आश्चर्य दिसले. पाणी आणि हात यांचे शब्द दोन्ही भाषांत त्याच अक्षरांनी लिहिलेले! पुस्तकाला इंग्रजीत ‘बुक’, तर डचमध्ये ‘बूक’. व्याकरणाची घडणही पुष्कळ सारखी. या दोघी भाषाभगिनीच होत्या. जुनी विद्या मुळीच वाया गेली नव्हती.

मात्र बहिणी कधी कधी चकवितातही. ‘स्लिम’ म्हणजे इंग्रजीत सडपातळ, तर डचमध्ये हुशार. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड आणि हिंदीत शिक्षण, तशातलाच हा प्रकार!

उच्चारांच्या बाबतीत तर डचचे साहाय्य फारच तोकडे पडले. त्यासाठी, नागासाकीहून आलेल्या एका मुलाला थोडे इंग्रजी येते असे कळताच, फुकुझावाने त्यालाच गुरू केले. वादळात सापडून परदेशी जहाजांवर राहिलेले खलाशी मायदेशी परतत, त्यांनाही तो गाठून विचारी.

१८६० मध्ये ‘कानरिन मारू’ या जहाजातून तो अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे गेला आणि येताना वेबस्टरचा इंग्रजी शब्दकोश घेऊन आला. त्याच वर्षी त्याने इंग्रजी शब्दांचे एक पुस्तक छापले आणि प्रत्येक शब्दाशेजारी त्याचा उच्चार जपानी अक्षरांत दिला. इंग्रजीतील ‘व्ह’चा उच्चार मात्र जपानीत नव्हता. तेव्हा त्याने ‘उ’ या जपानी अक्षरावर दोन लहान रेघा देऊन तो दाखविला. ते अक्षर जपानी लिखाणात आजही आढळते.